गरोदरपणात आणि अंगावर पाजताना औषधं, गोळ्या, व्हिटॅमिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसूती विभागाच्या औषध-खिडकीवर काम करताना जे प्रश्न रोज कानावर पडतात, आणि जे मेसेजवर पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. हे वाचून कुठलीही गोळी स्वतःहून सुरू करू नका. आणि, हे मला जास्त कळकळीने सांगायचं आहे, चालू असलेली गोळी स्वतःहून बंदही करू नका.

१. गरोदरपणात कुठलंही औषध न घेतलेलंच बरं, नाही का?

नाही. विनाकारण औषध नको, हे खरं. पण औषध घेतलं नाही म्हणून बाळाला धोका नाही, असं होत नाही. आईचा दमा उसळला की बाळाचा ऑक्सिजन कमी होतो. आईचा रक्तदाब चढला तर वारेतून (प्लॅसेंटातून) होणारा रक्तपुरवठा घटतो, बाळाची वाढ खुंटते. म्हणून एका पारड्यात औषधाचा धोका टाकला, तर दुसऱ्यात न घेतलेल्या औषधाचा धोका टाकायलाच हवा. खिडकीवर मला जे त्रास दिसतात, त्यातले बरेचसे भीतीपोटी सोडून दिलेल्या गोळ्यांमुळे झालेले असतात.

अजून एक आकडा लक्षात ठेवा. आईने एकही गोळी घेतलेली नसली, तरी १०० पैकी साधारण ३ बाळांमध्ये जन्मतः काही ना काही मोठा दोष असतो. त्यामुळे 'मी ती एक गोळी घेतली म्हणून असं झालं' हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि आईला आयुष्यभर छळत राहतो.

२. औषध बाळापर्यंत पोचतंच का? वार ते अडवत नाही?

वार म्हणजे भिंत, असं एके काळी मानलं जायचं. थॅलिडोमाइडने तो समज मोडला. हे झोपेचं औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं आणि १९६१ च्या अखेरीस तिथे मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात १०,००० हून जास्त मुलं हातापायांच्या गंभीर दोषांसह जन्मली होती. अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं नाही, कारण तिथल्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी पुरेसा पुरावा मागत अडून बसल्या.

या घटनेतून आठवड्याचं महत्त्व कळतं. थॅलिडोमाइडचा घात गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ व्या दिवसांतच व्हायचा. तेव्हा हातपाय, कान, अवयव घडत असतात. त्या दिवसांत घेतलेलं औषध आणि तेच औषध आठव्या महिन्यात घेतलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून 'हे औषध सुरक्षित आहे का' असं विचारलं, तर मी आधी उलट विचारते: किती मात्रा आणि कितवा आठवडा?

बहुतेक औषधांचे रेणू लहान असतात, ते वार ओलांडतात. हेपॅरिन आणि इन्सुलिन यांचे रेणू इतके मोठे असतात की ते जवळजवळ पलीकडे जातच नाहीत. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन बदलून गरोदरपणात हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, ती त्यासाठीच.

३. दिवस गेलेत हे कळायच्या आधीच गोळ्या घेतल्या गेल्या. आता काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि बहुतेकदा रात्री उशिरा आलेला. आधी शांत व्हा. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक औषधांच्या बाबतीत 'सगळं किंवा काहीच नाही' असा नियम दिसतो: इजा मोठी असेल तर गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर तो सहसा पूर्ण सावरतो.

एका कागदावर चार गोष्टी लिहा: औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घेतलं, आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. गोळ्यांची पट्टी फाडताना नावाचाच भाग आधी टाकून दिला जातो आणि मागे उरते कोरी चांदी. त्यावरून मला काही सांगता येत नाही. पाकीट जपून ठेवा.

ताबडतोब फोन करावा अशी औषधं मोजकी आहेत: मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, सोरायसिससाठीची ॲसिट्रेटिन (ही बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहू देऊ नयेत), संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट, वॉरफॅरिन, फिट्ससाठीची व्हॅल्प्रोएट. यातली आयसोट्रेटिनॉइन घेतलेली असली, तर पुढची गोळी तोंडात टाकू नका. वॉरफॅरिन आणि व्हॅल्प्रोएट मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थांबवू नका. कारण प्रश्न ९ मध्ये आहे. आणि नुसत्या भीतीने गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. १८ ते २० व्या आठवड्यातल्या तपशीलवार सोनोग्राफीत बरंच काही स्पष्ट दिसतं.

४. माहितीपत्रकात 'गरोदरपणात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही' असं लिहिलंय, नेटवर 'सी कॅटेगरी' म्हणतात. मग डॉक्टरांनी दिली कशी?

गरोदर बायकांना औषध-चाचण्यांमध्ये सहसा घेत नाहीत, त्यामुळे हे वाक्य असंख्य पत्रकांवर असतं. 'धोका आढळला' आणि 'पुरेसा अभ्यास झालेला नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रक वाचताना त्याच एकमेकींत मिसळतात. ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं अमेरिकेत १९७९ मध्ये आली. लोक त्यांचा अर्थ शाळेतल्या श्रेणीसारखा लावू लागले, तसा तो नव्हता. २०१५ पासून तिथे नव्या औषधांसाठी ती अक्षरं जाऊन सविस्तर वर्णन आलं. नेटवर मात्र ती अजून फिरतात. त्यांवरून निर्णय घेऊ नका.

५. डोकं दुखतंय, अंग दुखतंय, ताप आहे. कुठली गोळी चालेल?

पॅरासिटामॉल. लागेल तेवढीच, लागतील तेवढेच दिवस, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. ताप अंगावर काढू नका. सुरुवातीच्या आठवड्यांतला खूप ताप हाच बाळाच्या मज्जारज्जूच्या दोषांशी जोडला गेला आहे.

'पॅरासिटामॉलने ऑटिझम होतो' या बातमीमुळे २०२५ च्या सप्टेंबरनंतर अनेक जणी घाबरून गेल्या. काही अभ्यासांत तसा संबंध दिसला होता. पण २०२४ मध्ये स्वीडनमधल्या जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केली तेव्हा तो संबंध उरला नाही. आनुवंशिकता, घर आणि आईचं आजारपण यांचा परिणाम गोळीच्या माथी मारला जात होता, असा त्याचा अर्थ होतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन स्वतःहून घेऊ नका. २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि साधारण ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच मिटू लागू शकते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत ही औषधं लपलेली असतात, म्हणून ब्रँड सोडा आणि घटक वाचा. डायक्लोफेनॅकसोबत मिसोप्रोस्टॉल असलेली सांधेदुखीची गोळीही मिळते. मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावतं, ती अजिबात नको.

६. वेदनाशामक नको म्हणता, आणि मला तर रोज ॲस्पिरिन दिलीय!

ती दुखण्यासाठी नाही. ७५ ते १५० मिलिग्रॅमची ही छोटी मात्रा, ज्यांना प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून मूत्रपिंड-यकृतापर्यंत त्रास जाण्याचा, धोका जास्त असतो त्यांना देतात. साधारण १२ व्या आठवड्यानंतर आणि शक्यतो १६ व्याच्या आत ती सुरू होते. दुखण्यासाठीची मात्रा याच्या कितीतरी पट असते. प्रश्न ५ वाचून ही गोळी बंद करू नका.

७. उलट्यांनी जीव नकोसा झालाय, पण गोळी घ्यायची भीती वाटते.

डॉक्झिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे व्हिटॅमिन बी ६, ही जोडगोळी गरोदरपणातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या औषधांपैकी आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये कोर्टकचेऱ्यांना कंटाळून कंपनीने ती बाजारातून काढली. त्यानंतर तिथे बाळांमधले दोष कमी झाले नाहीत. उलट्यांमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. २०१३ मध्ये त्याच जोडीला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. भीतीपोटी औषध सोडण्याची किंमत कोण भरतं, हे दाखवणारं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

तिने भागलं नाही तर ऑनडान्सेट्रॉन देतात. पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास फाटलेल्या टाळूचा किंवा ओठाचा धोका दर १०,००० बाळांमागे सुमारे ३ ने वाढतो, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. धोका छोटा आहे, पण तो सांगून, विचारून गोळी दिली जावी.

पाणीही ठरत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल तर थेट रुग्णालय गाठा. आणि बरेच दिवस पोटात काही टिकलं नसेल, तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी बी १ दिलं का, हे विचारा. शरीरातलं बी १ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

८. लघवीला जळजळ होतेय. अँटिबायोटिक बाळाला बाधेल का?

उपचार न केलेला मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढवतो. काहीच त्रास नसला तरी लघवीच्या तपासणीत जंतू सापडले की गरोदरपणात औषध देतात, ते यासाठीच. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनं आणि सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिनं वर्षानुवर्षं वापरात आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन चालते, पण प्रसूती तोंडावर आल्यावर नको. ट्रायमेथोप्रिम फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. डॉक्सिसायक्लिनच्या गटातली औषधं चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या दातांना कायमचा पिवळट रंग देऊ शकतात. मागच्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल काढून घेऊ नका.

९. थायरॉइड, बीपी, फिट्स, दमा, डिप्रेशन: माझ्या गोळ्या आधीपासून चालू आहेत. थांबवू का?

बदलाव्या लागतील कदाचित, पण आपल्या आपण थांबवू नका. शक्य असेल तर दिवस राहू देण्याआधीच हे बोलणं व्हावं.

थायरॉइडची गोळी तर वाढवावी लागते. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं आणि गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.

बीपीच्या गोळ्यांमध्ये ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं, एनालॅप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, त्या बदलायच्याच. पुढच्या महिन्यांत त्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा वापरतात.

फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हे नीट वाचा. या गोळीवर असताना साधारण दहातल्या एका बाळात मोठा दोष आढळतो, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक, भाषिक वाढीत अडचणी येतात. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम हे बरेच सुरक्षित पर्याय आहेत. पण व्हॅल्प्रोएट एकाएकी बंद केली आणि मोठी फिट आली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. बदल करायचा तो मेंदूविकारतज्ज्ञांच्या हातूनच. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या बाईची वॉरफॅरिनही तशीच: नुसती थांबवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते.

दम्याचे पंप चालू ठेवा. डिप्रेशनच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्या अनेक जणी गरोदरपणभर घेतात. एका बाईने तिसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या सोडल्या आणि सातव्यात खिडकीशी आली ती जेवण-झोप सोडून, डोळे खोल गेलेली. तो त्रासही औषधाच्या पारड्यासमोर ठेवायला हवा होता.

१०. फॉलिक ॲसिड चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर सुरू केलं तर चालेल?

आजच सुरू करा, पण खरी वेळ त्याआधीची आहे. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की किमान एक महिना, जमल्यास तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि १२ आठवडे पुरे होईपर्यंत.

आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष होता, किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, अशांना दहापट मोठी गोळी, ४ किंवा ५ मिलिग्रॅमची, डॉक्टर देतात. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत ४ मिलिग्रॅमने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. बाकीच्यांनी ही मोठी गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

११. लोहाची, कॅल्शियमची आणि थायरॉइडची गोळी एकदमच घेतली तर?

घेतल्यासारखं होतं, पण लागू पडत नाही. कॅल्शियम लोहाला आतड्यात अडवतं, आणि दोन्ही मिळून थायरॉइडच्या गोळीला. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी थायरॉइडची. लोह किंवा कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तास. चहा-कॉफीने लोह शोषलं जात नाही, म्हणून त्यांच्यासोबत नको. मी पाकिटांवरच पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देते. नंतर विचारलं तर वेळा चुकत नाहीत, असं सांगतात.

लोहाने शौचाला काळं होतं, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा एक दिवसाआड चालेल का हे विचारा; गोळी गुपचूप डब्यात जाण्यापेक्षा ते बरं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची आहे. ही मोजणी शुद्ध लोहाची असते. पाकिटावर फेरस सल्फेटचा मोठा आकडा दिसला म्हणून गोंधळू नका.

१२. व्हिटॅमिन तर ताकदीचंच असतं. जास्त घेतलं तर काय बिघडतं?

व्हिटॅमिन ए च्या बाबतीत बरंच बिघडतं. रेटिनॉलच्या रूपात रोज १०,००० युनिटच्या वर गेलं, तर बाळात दोष होऊ शकतात. आयसोट्रेटिनॉइन याच कुळातली, यावरून काय ते समजा. दोन वेगवेगळ्या मल्टिव्हिटॅमिन एकदम घेणं, त्यात कॉड लिव्हर ऑइल, असं करत बेरीज चढते. भाज्या-फळांतलं बीटा कॅरोटीन मात्र वेगळं, त्याची ही भीती नाही.

आयोडीन लागतं, रोज साधारण २५० मायक्रोग्रॅम, पण समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमधून त्याच्या अनेक पटींनी जाऊ शकतं आणि बाळाचं थायरॉइड बिघडतं. सी आणि ई च्या मोठ्या मात्रांनी प्रीएक्लॅम्प्सिया टळेल अशी आशा होती. चाचण्यांत ती फोल ठरली. बी १२ बद्दल उलट सांगते: मांस-अंडी-दूध न खाणाऱ्या आईने ते न चुकता घ्यावं. आईत ते कमी असलं की अंगावर पिणाऱ्या बाळात काही महिन्यांनी मान न धरणं, मंदपणा अशी लक्षणं दिसतात.

१३. वनस्पतीपासून बनवलेलं आहे. त्याचा तरी त्रास नसेल?

वनस्पतीतही औषधच असतं, फक्त त्याची मात्रा पाकिटावर नसते. काही पारंपरिक गोळ्यांत आणि भस्मांत शिसं, पारा सापडले आहेत, आणि शिसं वार सहज ओलांडतं. काय घेता ते डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून लपवणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत.

१४. नुसतं लावायचं मलम आहे. ते कुठे पोटात जातं?

बहुतेक मलमं फारशी शोषली जात नाहीत. योनीच्या बुरशीसाठी क्लोट्रिमॅझॉल चालतं. पण वांग घालवायचं हायड्रोक्विनोन ३५ ते ४५ टक्के रक्तात उतरतं, ते थांबवा. ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन ही मुरुमांची मलमंही बाळंतपणापर्यंत बाजूला ठेवा.

१५. अंगावर पाजतेय. औषध सुरू झालं तर पाजणं बंद करावं लागेल?

फारच क्वचित. औषध दुधात उतरतं, पण बहुतेक वेळा अगदी थोडं. आईच्या वजनाच्या हिशेबाने तिला मिळणाऱ्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी बाळाला पोचत असेल, तर ते सहसा चालण्याजोगं मानतात. आयबुप्रोफेन एक टक्क्याच्याही खाली असतं. डॉक्टर 'पाजणं थांबवा' म्हणाले तर पर्याय आहे का, हे नम्रपणे विचारा. कुठलं औषध दुधात किती उतरतं हे सांगणारा लॅक्टमेड नावाचा विनामूल्य माहितीसंग्रह आहे, तो त्यांनाही उपयोगी पडतो.

१६. गोळी घेतल्यावर दूध काढून टाकलं की झालं ना?

नाही. औषध दुधात साठून राहत नाही. रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं. पिळून टाकलं काय नि नाही काय, फरक नाही, फक्त छाती दाटू नये म्हणून उपयोग. एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या रंगद्रव्यानंतरही दूध फेकायची गरज नसते, एमआरआयसाठी दिलेल्या रंगद्रव्याचा ०.०४ टक्क्यांहूनही कमी भाग दुधात येतो. खरा अपवाद किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराचा. त्यासाठी काही आठवडे आधीच पाजणं पूर्ण थांबवावं लागतं, आणि त्या बाळाला नंतर पुन्हा सुरू करत नाहीत.

१७. सर्दीची गोळी घेतली आणि दूधच आटलं. योगायोग का?

बहुधा नाही. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या ६० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने २४ तासांतलं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं. मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही दूध कमी करतात. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी सहसा तसं होत नाही. दूध वाढवायला डोम्पेरिडोन मागायला येतात. तिचा हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून विचारल्याशिवाय नको.

१८. सिझेरियनची जखम दुखतेय. कडक गोळी घेऊ?

आधी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन; बाळंतपण झाल्यावर प्रश्न ५ मधली आयबुप्रोफेनची अडचण उरत नाही. कोडीन आणि ट्रामाडोल टाळा. काहींचं यकृत कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने करतं, आणि ते दुधातून बाळाला सुस्त करून श्वास मंदावू शकतं. २०१७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांना ही दोन्ही न घेण्याचा सल्ला दिला. बाळ उठवूनही उठत नसेल, पीत नसेल, तर लगेच दाखवा.

१९. माझं दूध पुरतंय. तरी बाळाला व्हिटॅमिन डी चे थेंब का?

कारण आईच्या दुधात ते मुळातच फार कमी असतं, दूध कितीही चांगलं असो. बाळाला रोज ४०० युनिट. ड्रॉपरवरची रेघ बघून मोजा. थेंबाथेंबाचं प्रमाण ब्रँडनुसार बदलतं आणि चमच्याने दिलं तर कित्येक पट जाऊ शकतं.

२०. पोटात असताना वर्ज्य होतं ते पाजताना चालतं का? आणि पोटात चाललं ते पाजतानाही चालेलच?

दोन्ही गृहीत धरू नका. वॉरफॅरिन गरोदरपणात टाळतात, दुधात मात्र ती जवळजवळ येत नाही. एनालॅप्रिल पाजताना सहसा चालते. उलट ॲटेनॉलॉल दुधात बऱ्यापैकी उतरते, लहानग्या बाळाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून दुसरी गोळी निवडतात.

बाळाच्या वयानेही हिशेब बदलतो. सहा महिन्यांचं, वरचं खाणारं बाळ औषधाचा जो अंश सहज पचवतं, तोच अपुऱ्या दिवसांच्या किंवा काविळीच्या नवजात बाळाला जड जाऊ शकतो. त्याचं यकृत-मूत्रपिंड अजून तयार झालेलं नसतं. बाळ काचेच्या पेटीत असेल आणि तुम्ही दूध काढून पाठवत असाल, तर तुमच्या स्वतःच्या गोळ्यांची यादी तिथल्या नर्सच्या हातात द्या, आणि नवी गोळी सुरू झाली की त्याच दिवशी त्यात लिहा.